ग्रीकमध्ये ‘चंचल’ म्हणायचं तर: नवशिक्यांसाठी

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता. गड्याने सात वर्षांत चार विभाग बदलले होते आणि प्रत्येक ठिकाणी दुधात साखर विरघळावी तसा मिसळला होता. मी नुकतंच प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं होतं, उत्साह अंगात मावत नव्हता. निरोपाच्या कार्डावर झोकात लिहिलं, ‘एउमेताबोलोस’. ‘एउ’ म्हणजे चांगलं, ‘मेताबोले’ म्हणजे बदल. म्हणजे हा ‘छान बदलणारा’, कुठेही रुळणारा. त्याने घरी जाऊन शब्दकोश बघितला. दुसऱ्या दिवशी फोन आला, “अरे, मी धरसोड वृत्तीचा आहे हे सगळ्यांसमोर लिहायची काय गरज होती?”

ती चूक नेमकी कुठे झाली ते पुढे येईलच. ग्रीकमध्ये चंचलपणासाठी डझनावारी शब्द आहेत आणि कोशात ते एका रांगेत उभे दिसतात, म्हणून नवखा माणूस त्यातला पहिला उचलतो. तसं करू नका. प्रत्येक शब्दामागे एक हालचाल आहे: कुणी फेकतंय, कुणी वळतंय, कुणाचा पाय ठरत नाही. ती हालचाल दिसली की शब्द आपोआप जागेवर बसतो.

पायरी १: आधी मराठीत ठरवा

‘चंचल’ हा शब्द आपण बाळालाही लावतो, मनालाही आणि लक्ष्मीलाही. तेवढ्यावर ग्रीक शब्द निवडता येत नाही. कागदावर लिहा: तुमच्या मनातला माणूस नेमका कसा आहे? टोपी फिरवणारा? नव्याचे नऊ दिवस करणारा? तळ्यात-मळ्यात करणारा? की नुसता लहरी, क्षणात हसणारा, क्षणात उखडणारा? की माणूस नाहीच, जमाव आहे, नशीब आहे, हवा आहे? ही पायरी मी स्वतः वर्षभर टाळली. ती पाच मिनिटांची आहे.

पायरी २: शब्द फोडा

देवनागरी वाचणाऱ्याला इथे एक फायदा आहे. प्राचीन अथेन्समध्ये थीटा, फी आणि खी ही अक्षरं आपल्या थ, फ, ख सारखी महाप्राण उच्चारली जात. फ मात्र ‘फळा’तला, ‘फॅन’मधला नव्हे. त्यामुळे ग्रीक शब्द देवनागरीत लिहून काढणं ही सुरुवातीला चांगली सवय आहे.

दुसरा फायदा संस्कृतचा. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, म्हणून काही तुकडे ओळखीचे निघतात. नकाराचा ‘अ’ दोन्हीकडे तोच. ग्रीक ‘स्ता’ म्हणजे आपला ‘स्था’. ‘दि’ म्हणजे ‘द्वि’. ‘पोलु’ म्हणजे वेदातला ‘पुरु’, पुष्कळ. आणि ‘एउ’ म्हणजे ‘सु’.

माझी गाडी इथेच घसरली होती. ‘सु’ म्हटलं की आपल्याला ‘सुंदर’, ‘सुविचार’ आठवतं. पण ‘सुलभ’ आणि ‘सुकर’ही आहेतच की, आणि तिथे ‘सु’ म्हणजे ‘सहज’. ‘एउमेताबोलोस’मधला ‘एउ’ त्या जातीचा. चांगला बदलणारा नव्हे, सहज बदलणारा. जरा धक्का लागला की पालटणारा.

उरलेले तुकडे पाठच करा: ‘बाल्लो’ फेकणे (नाम होताना ‘बोल’), ‘त्रेपो’ वळवणे (‘त्रोप’, ‘त्राप’), ‘स्त्रेफो’ फिरवणे (‘स्त्रोफ’), ‘पालिन’ परत किंवा उलट, ‘मेता’ इकडचं तिकडे. एवढ्यावर निम्मी यादी उलगडते.

पायरी ३: हालचाल बघा

फेकण्यापासून सुरू करू. ‘मेताबोले’ म्हणजे नुसता बदल, त्यात शिवी नाही. युरिपिडीसच्या एका नाटकात (इ.स.पू. ४०८) आजारी ओरेस्तिस अंथरुणावर आहे. त्याला पडावंसं वाटतं, मग बसावंसं वाटतं. बहीण इलेक्ट्रा उशाशी. ती म्हणते, पाय जमिनीवर टेकवून बघतोस का? ‘मेताबोले पान्तोन ग्लुकु’, बदल सगळ्यात गोड. ज्याने कुणी आजाऱ्याची उशी दिवसातून वीस वेळा सरळ केली असेल त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. पुढे ॲरिस्टॉटलने हीच ओळ नीतिशास्त्रावर लिहिताना घेतली आणि तिला टोचून ठेवलं: बदल गोड लागतो तो आपल्यातल्या कसल्यातरी दोषामुळे, कारण वाईट माणूस एउमेताबोलोस असतो. बहिणीच्या तोंडचं मायेचं वाक्य तत्त्वज्ञाच्या हातात आरोप झालं. म्हणून नाम आणि विशेषण यांना एकाच तागडीत तोलू नका.

‘पालिम्बोलोस’ त्याहून कडक. उलटा फेकलेला, पलटणारा, शब्द न पाळणारा. आपल्या ‘टोपीफिरवू’च्या जवळचा. प्लेटोने म्हातारपणी एका काल्पनिक शहराचा आराखडा मांडला, क्रीट बेटावरचा, समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे साधारण चौदा-पंधरा किलोमीटर आत. एवढं अंतर का? तर समुद्र हा रोजचा शेजारी म्हणून गोड, पण खरा खारट आणि कडू. तो शहरात व्यापार आणि किरकोळ दुकानदारी भरतो आणि माणसांच्या मनात पालिम्बोलोस, अविश्वासू सवयी रुजवतो. मुंबईत बसून हे वाचताना जरा झोंबतं.

आता वळणं. या घराण्यातले शब्द नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवतात, कारण वळता येणं हा गुणही आहे. होमरने ओडिसियसला पहिल्याच ओळीत ‘पोलुत्रोपोस’ म्हटलं: पुष्कळ वळणांचा. प्रवासाची वळणं की डोक्यातली, यावर प्राचीन काळापासून खल चालू आहे. धरसोड्या माणसासाठी हा शब्द वापरू नका; ओडिसियस घरी जायचं सोडून दुसरं काही मनात धरत नाही.

‘एउत्रापेलोस’ म्हणजे सहज वळणारा. ॲरिस्टॉटल त्याची स्तुती करतो: हजरजबाबी, विनोदाची जाण असलेला, बोलण्यात चपळ. पण अथेन्सचा लेखक इसोक्रातिस तक्रार करतो की हल्ली ज्यांना हुशार म्हणतात त्या या एउत्रापेलोस लोकांची पूर्वीच्या पिढीला कीव यायची. आणि ख्रिस्ती नव्या करारात तर याचंच नाम वाह्यात बोलण्याच्या यादीत जाऊन बसलं आहे. शब्द तोच, फक्त ऐकणारा बदलला. आपल्याकडे ‘चालू’चं काय झालं ते आठवा.

‘अंखिस्त्रोफोस’ म्हणजे जागच्या जागी फिरणारा, झटक्यात उलटणारा. वर्तमानपत्री मराठीत ‘घूमजाव’. इतिहासकार हिरोडोटसने रंगवलेला पर्शियाचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर स्वारी ठरवतो, विरोध करणाऱ्या काकाला भरसभेत फैलावर घेतो, रात्री विचार बदलतो आणि सकाळी दरबारात म्हणतो: माझे बेत अंखिस्त्रोफोस झाले, माफ करा, तरुण रक्त उसळलं. मग पुन्हा एक स्वप्न पडतं आणि स्वारी पुन्हा ठरते. एवढ्या मोठ्या सम्राटाला हा शब्द स्वतःबद्दल वापरायला लावणं ही ग्रीक लेखकाची गंमत आहे, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं.

पाय आणि वजन ही तिसरी जोडी. ‘बेबायोस’ म्हणजे पाऊल टाकून पक्का उभा. त्याला ‘अ’ लावला की ‘अबेबायोस’, बेभरवशाचा. हा साधा, गद्यात कुठेही चालणारा शब्द आहे. अडलात तर हाच घ्या, कुणी हसणार नाही. ‘अस्तथ्मेतोस’ मात्र चवीचा. आत ‘स्था’ आहे, म्हणजे आपला ‘अस्थिर’च, पण ‘स्ताथ्मे’ म्हणजे सुताराची रेघ मारायची दोरी आणि ‘स्ताथ्मोस’चा एक अर्थ तराजूचं वजन. ज्याला माप लागत नाही, ज्याचा अंदाज बांधता येत नाही तो अस्तथ्मेतोस. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याच्या इ.स.पू. ३४३ च्या भाषणात लोकसमुदायाचं वर्णन येतं, जगातली सगळ्यात अस्तथ्मेतोस गोष्ट, समुद्रातल्या ‘अकातास्तातोस’ लाटेसारखी. हा अकातास्तातोस (पुन्हा ‘स्था’) लक्षात ठेवा, पुढे भेटेल.

‘एम्प्लेक्तोस’ म्हणजे टोला बसलेला, भेलकांडणारा. लहरी माणसासाठी हा. युरिपिडीसची हेक्युबा, ट्रॉयची राणी, शहर पडल्यावर नातवाचं प्रेत सजवताना म्हणते की नशीब एम्प्लेक्तोस माणसासारखं इकडून तिकडे उड्या मारतं. प्लेटोने हा आणि आधीचा शब्द जोडीने वापरले आहेत: वाईट माणसं एम्प्लेक्तोस आणि अस्तथ्मेतोस असतात, कधी स्वतःसारखीसुद्धा नसतात. ‘स्वतःसारखा नसणं’ हे मला चंचलपणाचं आजवर मिळालेलं सगळ्यात नेमकं वर्णन वाटतं.

आता माझा लाडका: ‘हाप्सिकोरोस’. ‘हाप्तो’ शिवणे, ‘कोरोस’ पोट भरून वीट येणे. शिवल्याबरोबर वीट येणारा. ताटातल्या प्रत्येक पदार्थाला तोंड लावून ताट सरकवणारं पोर डोळ्यांसमोर आणा. ॲरिस्टॉटल वक्तृत्वावर लिहिताना तरुणांना एका दमात एउमेताबोलोस आणि हाप्सिकोरोस म्हणतो, आणि पुढे उपमा देतो: त्यांच्या इच्छा तीव्र असतात पण मोठ्या नसतात, आजाऱ्याच्या तहानभुकेसारख्या. गिटार, मग कॅमेरा, मग जिम, मग ग्रीक. ‘नव्याचे नऊ दिवस’ एका शब्दात.

शेवटचा होमरचा, ‘अल्लोप्रोसाल्लोस’. ‘अल्लो’ म्हणजे दुसरा. ह्याला एक, त्याला एक. अथेना हा शब्द युद्धदेव आरेसला लावते. त्याने तिला आणि हेराला वचन दिलं होतं की ग्रीकांच्या बाजूने लढेन, आणि आता ट्रॉयवाल्यांत जाऊन उभा. पुढे आरेस जखमी होऊन रडत बापाकडे जातो, तर झ्यूसही तोच शब्द तोंडावर मारतो: अल्लोप्रोसाल्ले, माझ्याजवळ बसून किरकिर करू नकोस.

पायरी ४: शब्द सापडत नसेल तर उपमा घ्या

ग्रीक लोक विशेषणाखेरीज उपमाही वापरत. सरडा त्यांच्याकडेही आहे. चरित्रकार प्लुटार्क म्हणतो की अथेन्सचा पुढारी अल्सिबायडीस सरड्याहून झटपट रंग बदलायचा, स्पार्टात स्पार्टन, पर्शियन दरबारात पर्शियन. ऑक्टोपसचं मात्र उलट. थेओग्निस हा कवी सल्ला देतो की ऑक्टोपससारखं वागा, ज्या दगडाला चिकटाल तसे दिसा. ताठरपणापेक्षा शहाणपण बरं. म्हणजे रंग बदलणाऱ्या दोन प्राण्यांपैकी एक टोमणा, दुसरा उपदेश. भाषणात ऑक्टोपस आला की लगेच शिवी समजू नका.

‘एउरिपोस’ ही जागा आजही जाऊन बघता येते. युबिया बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली, खाल्किस शहराजवळची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम चाळीस मीटर. तिथला प्रवाह दिवसातून साधारण चार वेळा दिशा उलटवतो, आणि महिन्यातले काही दिवस तर वेळापत्रकच मोडतो. लोक पुलावर उभे राहून पाणी फिरताना बघतात. एस्किनिस या वक्त्याने इ.स.पू. ३३० मध्ये खाल्किसच्याच एका पुढाऱ्याची हजेरी घेतली: ज्या एउरिपोसकाठी राहतो त्याच्याहून जास्त वळणं घेतली याने. गावचा माणूस, गावचंच पाणी.

सगळ्यात गाजलेली उपमा पायातली. ‘कोथोर्नोस’ हा उंच, मऊ बूट. त्याला डावा-उजवा नसे, आजच्या मोज्यासारखा कुठल्याही पायात जाई. हे टोपणनाव अथेन्सचा राजकारणी थेरामेनीस याला पडलं. इ.स.पू. ४११ मध्ये लोकशाही मोडून चारशे जणांची सत्ता आणण्यात तो पुढे, ती पाडण्यातही तो पुढे. इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जुलमी शासकांपैकी एक, आणि त्यांचे अत्याचार वाढल्यावर त्यांच्याच विरोधात उभा. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस याने भरसभेत त्याच्यावर आरोप ठेवताना म्हटलं, याला कोथोर्नोस म्हणतात ते उगाच नाही, हा दोन्ही पायांना बसतो. इतिहासकार झेनोफोनने थेरामेनीसचं उत्तरही दिलं आहे: दोघांना बसतो म्हणून मी कोथोर्नोस, मग जो दोघांनाही नको असतो, त्याला देवाशपथ काय म्हणायचं ते सांगा.

उत्तर बिनतोड होतं, उपयोग झाला नाही. क्रिटियसने हक्कदार नागरिकांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. थेरामेनीस सभागृहातल्या वेदीवर चढून बसला, त्याला खेचून बाहेर काढलं. विषाचा प्याला प्यायल्यावर तळाचे थेंब त्याने दारूच्या बैठकीतल्या खेळात उडवतात तसे उडवले आणि म्हणाला, हे माझ्या देखण्या क्रिटियससाठी. पक्ष बदलणारा म्हणून हिणवलेला माणूस अखेरच्या घटकेला इतका ठाम. म्हणूनच ‘कोथोर्नोस’चं भाषांतर मी ‘आयाराम-गयाराम’ असं करत नाही. आयारामाला सहसा काहीतरी मिळतं.

पायरी ५: कोण म्हणतंय ते बघा

चंचल हे विशेषण लोक स्वतःला क्वचितच लावतात. म्हणून वाक्य सापडलं की बोलणाऱ्याचं नाव पानाच्या कडेला लिहा. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्सवर प्लेगची साथ, वेशीबाहेर शत्रू, आणि लोक आपला नेता पेरिक्लीस याच्यावर चिडलेले. तो उभा राहून म्हणतो, मी तोच आहे, बदललात तुम्ही. क्रियापद ‘मेताबाल्लो’, आपलं ओळखीचं. लोकांनी त्याला दंड केला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सेनापती निवडला. इतिहासकार थ्युसिडिडीस शेरा मारतो: जमावाला असं करायला आवडतं.

तीन वर्षांनी तेच ‘मी तोच आहे’ क्लिऑन या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या तोंडी येतं. मितिलीनी शहराने बंड केलं होतं, अथेन्सच्या सभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचं ठरवून जहाज रवाना केलं. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, पुन्हा सभा भरली. क्लिऑन निर्णय बदलू नका म्हणून गर्जत होता. थोडक्या मतांनी निर्णय फिरला. दुसरं जहाज सुटलं तेव्हा पहिलं जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोपले आणि कत्तल सुरू होण्याआधी पोचले. त्या दिवशी अथेन्सच्या जमावाला तुम्ही कुठला शब्द लावाल? मी एउमेताबोलोस लिहिलं होतं, मग खोडलं.

पायरी ६: कोश उघडताना

मराठी-ग्रीक कोशाची वाट बघत बसू नका. इंग्रजीकडून ग्रीककडे जायला वुडहाउसचा १९१० चा कोश अजून उपयोगी आहे, कारण तो प्रत्येक शब्द गद्यातला की पद्यातला ते खुणेने सांगतो. तिथून शब्द घ्या आणि लगेच लिडेल आणि स्कॉटच्या मोठ्या कोशात ताडून बघा. पहिली आवृत्ती १८४३ ची, पण वापरायची ती नववी. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. शिकागो विद्यापीठाचं लोगेयॉन हे संकेतस्थळ एका शब्दासाठी अनेक कोश शेजारी उघडून दाखवतं. पर्सियस या संकेतस्थळावर ग्रीक कळफलक नसला तरी रोमन अक्षरांत शोधता येतं. २०२१ चा केंब्रिजचा दोन खंडी कोश नवख्याला जास्त सोपा आहे, पण विकत घ्यायचा तर खिसा बघून.

नोंद वाचताना अर्थाआधी लेखकाचं नाव वाचा. फक्त होमर दिसला तर तो शब्द गद्यात घालू नका. ‘अल्लोप्रोसाल्लोस’ बाजारात वापरणं म्हणजे रिक्षावाल्याशी ओवीत बोलणं. काळही बघा. ‘दिप्सुखोस’, दोन जिवांचा, द्विमनस्क, हा नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात दोनदा येतो. पहिल्या जागी शेजारीच आहे आपला जुना अकातास्तातोस, आणि वर वाऱ्याने हेलकावणारी समुद्राची लाट. पण पेरिक्लीसच्या तोंडी दिप्सुखोस घालाल तर साडेचारशे-पाचशे वर्षांची गफलत होईल. हे पत्र मूळ ग्रीकवरून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झालं. संस्कृत येणाऱ्या माणसाने ग्रीक वाचलं की काय दिसतं, याचा तो चांगला नमुना.

पायरी ७: एक ओळ घ्या आणि फोडा

यादी पाठ करण्यापेक्षा हे करा. ॲरिस्टोफेनिसच्या पक्ष्यांवरच्या नाटकात (इ.स.पू. ४१४) एक अथेन्सवाला हुदहुद पक्ष्याला शिकवतोय की चोच वासून चहूकडे उडत सुटू नका, शोभत नाही, आमच्याकडे अशा भिरभिऱ्यांबद्दल विचारलं तर काय म्हणतात ठाऊक आहे?

‘अन्थ्रोपोस ओर्निस अस्तथ्मेतोस पेतोमेनोस.’

अन्थ्रोपोस, माणूस. ओर्निस, पक्षी. तिसरा शब्द आता तुमचा झाला आहे. चौथ्यातला ‘पेत’ म्हणजे संस्कृतातला ‘पत्’, उडणे, ज्याच्यावरून आपला पतंग. आणि ‘मेनोस’ म्हणजे ‘वर्तमान’, ‘विद्यमान’मधला ‘मान’. पुढच्या ओळीत आणखी दोन गोष्टी आहेत: ‘अतेक्मार्तोस’, म्हणजे ज्याची कसलीच खूण पटत नाही असा, आणि एका जागी कधीच न थांबणारा. तेव्हा मराठी करायला घ्या. मी ‘माणूस कसला, पाखरूच, मापात न येणारं, उडतं’ इथवर आलोय. ‘अतेक्मार्तोस’साठी तीन शब्द लिहून तिन्ही खोडले आहेत.